‘चल’ म्हणायच्या आधी

मास्तर त्या नाटककाराचं नाव घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं. नुसतं ‘ते’ म्हणायचे, आणि म्हणताना उजवा हात कानाच्या पाळीला जायचा. ‘त्यांनी असं लिहिलंय’, ‘त्यांना हे चाललं नसतं’. नव्या माणसाला वाटायचं, घरात कुणी कडक वडीलधारं आहे. आमच्या उमरग्याच्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले. सातवीच्या वर्गावर जाऊन त्यांनी विचारलं, मराठीतला सगळ्यात मोठा नाटककार कोण? सगळ्या वर्गानं एकदम कानाच्या पाळ्या धरल्या आणि खणखणीत सांगितलं, ‘ते’. साहेबांनी शेरा काय मारला हे हेडमास्तरांनी आम्हांला कधी सांगितलं नाही, पण पुढं बरेच दिवस ते मास्तरांशी कामापुरतंच बोलत होते. मीही ते नाव इथं लिहीत नाही. मास्तरांना आवडलं नसतं.

तसे शाळेत आम्ही सगळेच मास्तर. पण गावात नुसतं ‘मास्तर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. चित्रकला आणि गाणं शिकवायचे, दोन्ही बेताचंच. मूळचे अणदूरचे. लहानपणी घरातून पळून एका नाटक कंपनीत शिरले आणि अर्धं आयुष्य पडद्यामागं काढलं. ती कंपनी हैदराबादकडं निघाली होती, ती उमरग्यातच मोडली. मालक एका सकाळी दिसेनासा झाला, बाकीच्यांनी हाताला लागेल ते सामान उचललं आणि वाट धरली. मास्तरांच्या वाट्याला मखमली पडदा आला. एवढा जड पडदा घेऊन जाणार कुठं, म्हणून ते थांबले. पुढं निजामी गेली, शाळा मराठी झाल्या, मराठी शिकवणाऱ्यांचा तुटवडा पडला आणि मास्तर सरकारी नोकर झाले. मी बार्शीहून शास्त्र शिकवायला इथं आलो तेव्हा ते जवळजवळ गावचेच झाले होते.

त्यांना दोन बोल्या होत्या. एरवी ते नाटकातल्यासारखं शुद्ध बोलायचे, शब्दन् शब्द तोलून. रागावले की मात्र अणदूरचे होत. चालतानासुद्धा आपण कुणाला तरी दिसतोय असं त्यांना वाटायचं. हैदराबादच्या सडकेवर मागून ट्रकचा भोंगा वाजला की बाजूला होण्याऐवजी ते आधी वळून ट्रककडं तोंड करायचे, मग बाजूला व्हायचे. नटानं पाठ दाखवू नये, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर लोकांनी त्यांना ज्या शिव्या दिल्यात त्या ऐकून मी पंजाबी शिकायला लागलो होतो. मयताच्या घरी गेले तर आधी कोण कुठं उभं आहे ते बघायचे. एका घरी तर मयताचा मामा दारातून आत येईपर्यंत त्यांनी रडणाऱ्या बाईला हातानं खूण करून थांबवलं होतं. ती बाई थांबली, हे त्यातलं विशेष. मास्तरांच्या हातात तेवढी जरब होती.

शिकवण्याची त्यांची रीत कंपनीतली. नाटकाचं पुस्तक ते कुणाच्या हाती देत नसत. ज्यानं त्यानं आपली नक्कल पाठ करायची. नक्कल म्हणजे आपल्यापुरती वाक्यं, आणि त्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द. बाकी नाटकात काय चाललंय ते तुम्हांला कळायची गरज नाही. तुम्हांला जन्माचं नाटक कुणी सगळं वाचायला दिलंय का, असं विचारायचे. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला एकदा देवडीवाल्याचं काम दिलं. दोनच वाक्यं. त्यानं ती नक्कल इतकी मनावर घेतली की हे नाटक एका देवडीवाल्याचं आहे असं घरी सांगितलं. बायको लोहाऱ्याहून माहेरची माणसं बैलगाडीत भरून घेऊन आली. आणि सांगायची गोष्ट ही की, खेळ पाहून ती माणसं खूश होऊन गेली. देवडीवाल्याचंच नाटक आहे, असं त्यांनाही वाटलं.

मास्तर म्हणायचे, ‘त्यांचं’ नाटक टिकलं ते यामुळं. त्यांनी एकही माणूस फुकट उभा केलेला नाही. दिवा घेऊन येणाऱ्याच्याही मनात काहीतरी सल आहे. नटाला चार कागद मिळायचे, त्या चार कागदांत त्याला अख्खा माणूस सापडला पाहिजे, नाहीतर तो नट दुसऱ्या कंपनीत जायचा. म्हणून ते तसं लिहीत. आणि म्हणून शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा त्यात आपला एक कागद सापडतो.

आमच्या गावात दरसाल एकच नाटक व्हायचं. नाव वेगळं होतं, पण गाव त्याला ‘भावांचं नाटक’ म्हणायचं. एका सरदाराचे दोन मुलगे. बाप गेल्यावर धाकटा दुसऱ्यांच्या नादानं खोटी साक्ष देतो आणि थोरल्याला घराबाहेर व्हावं लागतं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी थोरला गोसाव्याच्या वेषात परत येतो. धाकटा त्याला ओळखतो, कबुली देतो, मान खाली घालून उभा राहतो. मग थोरल्याचं शेवटचं वाक्य. ‘चल. घर तुझं एकट्याचं झालं तेव्हाच ते घर राहिलं नाही. चल, दोघं मिळून उंबरा ओलांडू.’ त्यावर पडदा.

हे नाटक त्यांना सुचलं कसं, याची गोष्ट मास्तर दर वेळी निराळी सांगायचे. एकदा म्हणाले, त्यांनी कोर्टात वाटणीचा एक दावा ऐकला होता. एकदा म्हणाले, त्यांचा स्वतःचा भाऊ तुटला होता. आणि तिसरी गोष्ट अशी, की त्यांच्या कंपनीतल्या दोन गवई नटांत अबोला पडला, कंपनी बुडायची वेळ आली, तेव्हा निदान रंगमंचावर तरी दोघांना बोलावं लागेल म्हणून त्यांनी हे नाटक लिहिलं. मी म्हणालो, मास्तर, मागच्या आठवड्यात तर वाटणीचा दावा होता. तर म्हणाले, एवढं मोठं झाड एका बीतून येतं का? मी शास्त्र शिकवायचो, झाड एकाच बीतून येतं हे मला पक्कं माहीत होतं. पण मास्तरांशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

ती तिसरी गोष्ट मात्र त्यांनी नुसती सांगितली नाही, करून पाहिली.

गावात दोन भाऊ होते, लिंगायत, शेती करून बाजारात धान्याची आडत चालवणारे. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि शाळा निजामाच्या काळातली म्हणून लिहिणं उर्दू. पुढं थोरल्याची नक्कलसुद्धा मास्तरांना कोर्टातल्या एका ओळखीच्या पेशकाराकडून उर्दूत लिहून घ्यावी लागली. बाप गेला, वाटणी झाली, विहीर मात्र मधोमध सामाईक राहिली. मोटेची पाळी ठरली. एका उन्हाळ्यात थोरल्यानं धाकट्याच्या पाळीत मोट धरली. धाकटा तिरीमिरीत आला आणि त्यानं चालत्या मोटेचा नाडा, म्हणजे बैल ओढतात तो जाड दोर, विळ्यानं तोडला. ताण सुटल्यासरशी बैल तोंडावर आपटले आणि थोरल्याचा आवडता बैल पायानं कायमचा गेला. दोघं अणदूरच्या खंडोबाला गेले, एकाच दिवशी, वेगवेगळ्या गाडीनं. दोघांनी भंडारा उचलला. भावाशी एक शब्द बोललो तर देवा, तुझा भंडारा मला लागू नये.

हा अबोला सगळ्या गावाला ठाऊक होता. समोरासमोर आले तर तिसऱ्याला मध्ये घालून बोलायचे. तिसरा नसला तर बैलाला सांगायचे. आणि मास्तरांनी नेमकं या दोघांना नाटकात भावांची कामं दिली.

गावात मोठी खळबळ झाली. रंगमंचावर बोलले तर शपथ मोडते की नाही, यावर चावडीत, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या शिक्षक-खोलीत दोन दोन तट पडले. मास्तर सरळ अणदूरला गेले. तिथल्या पुजाऱ्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ज्यानं भंडारा उचलला त्याचं तोंड बांधलं, सोंगाचं तोंड कोण बांधणार? आणि मास्तर निघता निघता त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. शपथ सोडवायची असेल तर अवघड काही नाही, दोघांनी मिळून यावं आणि देवापुढं भंडारा उधळावा. मास्तर ही दुसरी गोष्टही घेऊन आले, भावांच्या कानांवर घातली. दोघांनी ऐकली. पण मिळून जायचं तर कुणीतरी आधी ‘चल’ म्हणायला हवं. थोरला म्हणायचा, नाडा त्यानं तोडला. धाकटा म्हणायचा, पाळी त्यानं मोडली. तेवढ्या एका शब्दावर अडलं होतं सगळं.

तालमी अर्थातच वेगवेगळ्या. थोरला यायचा तेव्हा मास्तर धाकटे व्हायचे, धाकटा यायचा तेव्हा थोरले. दोघं एकमेकांपुढं उभे राहणार ते थेट खेळाच्या दिवशी. खेळ दुपारचाच असायचा, आडतीच्या पत्र्याच्या गोदामात, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. पै-पाहुणे आलेले असतात, ते दुसऱ्या दिवशी नाटक पाहून उजेडात घरी पोहोचले पाहिजेत, हा मास्तरांचा हिशेब.

त्या पहिल्या खेळाला पडद्याचा दोर माझ्या हातात होता. तिसऱ्या अंकात दोघं समोरासमोर आले आणि गोदामात श्वाससुद्धा ऐकू येईनासा झाला. धाकट्यानं कबुलीची वाक्यं म्हटली, ती बरोबर म्हटली, पण आवाज कापत होता. मान खाली घालून उभा राहिला. थोरला उभाच. मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण वाक्य सुचवायला ते तयार नव्हते. पत्र्यावर उन्हाचा तडतड आवाज येत होता. मला वाटलं, आता हा निघून जाणार आणि गोदामात डोकी फुटणार, कारण दोघांच्याही बाजूची माणसं काठ्या घेऊन आलेली होती. मग थोरला म्हणाला, ‘चल.’ बाया रडायला लागल्या. काठ्या घेऊन आलेले पुरुषही रडायला लागले. धाकटा पायावर पडला आणि मी पडदा सोडला. पडदा पडताक्षणी थोरला डाव्या बाजूनं उतरला, धाकटा उजव्या बाजूनं, आणि दोघं आपापल्या गाडीनं घरी गेले.

तेव्हापासून गावाला दुसरं नाटक चालेना. मास्तरांनी ‘त्यांचं’च एखादं निराळं नाटक काढलं तर लोक म्हणायचे, ते राहू द्या, भावांचं लावा. वर्षभर मुके असलेले दोन भाऊ वर्षातून एकदा बोलायचे, ते ऐकायला तालुक्यातून गाड्या यायच्या. आणि शब्द एकही बदलत नसे. मास्तरांनी बदलू दिला नसता. पण विहिरीवरून नुकतंच काही झालेलं असलं की ‘चल’ खडा मारल्यासारखा यायचा. धाकट्याचा पोरगा मॅट्रिक झाला त्या वर्षी तोच शब्द इतका मऊ आला की धाकट्याला रडू आवरेना, पुढचं लोटांगण राहूनच गेलं. मास्तर छाती पुढं काढून हिंडायचे. बघा त्यांच्या लेखणीची ताकद, म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

मग एका वर्षी, दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती, त्या भावांची बहीण शाळेत आली. मुरूमला दिलेली, चाळिशीची, सावळी, बोलायला फटकळ बाई. मधल्या सुट्टीत मी मास्तरांबरोबर चित्रकलेच्या खोलीत होतो. ती दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. मी निघायला लागलो तर म्हणाली, ऱ्हावा सर, चोरून सांगायसारखं काय न्हाय.

थोरल्याच्या छातीचं दुखणं बळावलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरनं हात टेकले होते. हे वर्ष काढेल की नाही याची खात्री नाही, असं ती म्हणाली, आणि मग मास्तरांकडं बघून तिनं विचारलं, यंदा नाटक करणार आहात का? मास्तर म्हणाले, का नाही? थोरल्याची इच्छा असेल तर खुर्चीवर बसून काम करतील. लोक डोक्यावर घेतील.

“लोक घेतील वो,” ती म्हणाली. “पर माझे भाऊ तुमच्या नाटकानं तोडले, मास्तर.”

मास्तरांचा चेहरा उतरला. मी तोडले? मी तर बोलते केले, असं काहीतरी ते पुटपुटले.

“वर्सातनं एकदा अण्णा ‘चल’ म्हणतुया. म्हणलं की त्याचं पोट भरतंय. तम्मा पाया पडतुया, त्याचं बी भागतंय. मंग घरला कशाला बोलतील? भुकेलं ऱ्हायले असते तर कवाच बोलले असते.” थोरल्याला ती अण्णा म्हणायची आणि धाकट्याला कानडीत तम्मा. मग तिनं विचारलं, “ते नाटक कंपनीतले दोन गवई. त्या गोष्टीतले. ते बोलले का पुढं?”

मास्तर खिडकीकडं वळले. बाहेर पोरं हुतूतू खेळत होती.

“न्हाय,” ते म्हणाले. “एक वारला, तवा दुसरा नाटकात काम करत व्हता. खेळ पुरा केला आन मग गेला मातीला.”

“आन तुमी ती गोष्ट कौतिकानं सांगता,” ती म्हणाली, आणि पदर सावरून निघून गेली.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. मास्तर वर्गावर जात, फळ्यावर फुलदाणी काढत आणि पुसत. कानाच्या पाळीला हात लावणं बंद झालं. नाटक मंडळाची बैठक बोलावली आणि यंदा नाटक होणार नाही एवढंच सांगितलं, कारण दिलं नाही. मंडळी भडकली. कुणी म्हणालं, मास्तरांना शहरातल्या मंडळाचं बोलावणं आलंय. कुणी म्हणालं, थोरला मरायला टेकला म्हणून हे माघार घेतात. रस्त्यात त्यांना थांबवून लोक जाब विचारायचे. हेडमास्तरांपर्यंत तक्रार गेली. ज्या गावानं त्यांना ठेवून घेतलं होतं, ते गाव त्यांच्यावर उलटायला आठ-पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. मला त्या लोकांचा तेव्हा भयंकर राग आला होता.

मग थोरला आला. दोघांनी धरून त्याला मास्तरांच्या खोलीत आणलं. मी तिथंच होतो. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, मास्तर, एवढा एक खेळ होऊ द्या. मास्तर म्हणाले, खेळ कशाला पाहिजे? भावाचं घर तुमच्या घराला लागून आहे, जाऊन बोला. तसा तो गदागदा हलला, खोकल्यानं की रडण्यानं ते मला कळलं नाही.

“घरी कसं बोलू?” तो म्हणाला. “तितं सोंग कुटं हाय?”

दोन दिवसांनी धाकटा आला, एकटा. त्यालाही खेळच हवा होता. त्यानं मास्तरांचे पाय धरले. मास्तरांनी दोघांनाही होकार दिला. धाकटा गेल्यावर मी म्हणालो, बरं केलंत. तर त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. बहिणीची समजूत तुम्ही कशी घालणार, एवढं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. एका बाजूला मरणाच्या दारातला माणूस, दुसऱ्या बाजूला त्या बाईचं खरं असलेलं बोलणं, आणि मास्तर यातलं काय करणार हे मला समजत नव्हतं.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरल्याचा हा शेवटचा खेळ, ही बातमी कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत पोहोचली होती. आदल्या दिवसाच्या शेतातल्या जेवणातली, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि भाकरी लोक फडक्यात बांधून घेऊन आले होते. बहीण बायकांत पुढं बसली होती. तिनं आमच्याकडं एकदाही पाहिलं नाही. पहिले दोन अंक थोरल्यानं कसेबसे काढले. प्रवेश नसला की आत स्टुलावर बसून खोकायचा. समोरच्या बाजूच्या आडोशाला धाकटा उभा असायचा, तो खोकला ऐकत. एकदा त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, दोन पावलं आला, मग तांब्या दुसऱ्याच्या हातात दिला आणि भावाकडं पाठवला. मास्तरांनी ते पाहिलं.

तिसरा अंक आला. थोरला गोसाव्याच्या कफनीत काठीवर भार देऊन उभा राहिला. धाकट्यानं कबुली दिली. मी इतकी वर्षं ती वाक्यं ऐकत होतो, पण त्या दिवशी ती नाटकातली वाटेनात. खोटी साक्ष म्हणताना त्याला नाडा दिसत असावा. त्यानं मान खाली घातली. गोदामातली हजार माणसं त्या एका शब्दासाठी पुढं झुकली. थोरल्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं.

मास्तरांनी माझ्या हातातला दोर हिसकला आणि सोडून दिला.

मखमली पडदा धाडकन खाली आला. बाहेर क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग गोंधळ उसळला. मी मास्तरांकडं बघतच राहिलो. ‘त्यांनी’ लिहिलेला एक काना इकडचा तिकडं झाला तर तालीम बंद करणारा हा माणूस. ‘त्यांचं’ सगळ्यांत मोठं वाक्य यानं म्हणूच दिलं नाही.

“सगळ्यास्नी भाईर काढा,” मास्तर म्हणाले. ते अणदूरचे झाले होते. “तुमी दाराशी ऱ्हावा, कुणाला आत सोडू नका. आन त्यांच्याकडं बघू नका.”

एवढं बोलून ते पडद्याच्या फटीतून बाहेर, लोकांपुढं गेले.

मी नटांना आणि सामानवाल्यांना मागच्या दारानं बाहेर घालवलं आणि दाराला खांदा लावून भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. बाहेर लोक किंचाळत होते. शिव्या ऐकू येत होत्या, मास्तरांच्या आईच्या नावानं. पत्र्यावर कुणीतरी काठी आपटत होतं. आत मात्र काहीच नाही. मग काठीचा आवाज आला, थोरल्याच्या काठीचा, एक पाऊल, पुन्हा एक. मी मनात म्हणालो, गेला. डावीकडं गेला नेहमीसारखा. मास्तर, तुम्ही खेळही घालवला आणि भाऊही. शेवटचा शब्दही त्याच्या तोंडातून काढून घेतलात. मला मास्तरांचा इतका राग आला की भिंतीवर मूठ मारावीशी वाटली. काठीचा आवाज थांबला.

मग कुणीतरी काहीतरी बोललं, अगदी हळू. पुन्हा शांतता. मग दुसरा आवाज, त्यात हुंदका. मग पहिला. मग दोघं एकदम, एकमेकांना तोडत, घाईघाईनं, इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडावं तसं. मला त्यातला एक शब्द समजला नाही. मी पडद्यापर्यंत कसा पोहोचलो ते आठवत नाही.

बाहेर मास्तर हात जोडून लोकांपुढं उभे होते. अंगावर शेंगांची टरफलं, भाकरीचे तुकडे पडले होते. कपाळाला काहीतरी लागून रक्त आलं होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, मास्तर, बोलले. दोघं बोलतायत. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं कितीतरी दिवस तो काळानिळा होता.

“मराठीत का कानडीत?”

“कानडीत,” मी म्हणालो, “घरच्यासारखं.”

मास्तर मटकन खाली बसले आणि तोंड झाकून ढसाढसा रडायला लागले. एवढा गोंधळ घालणारे पुढचे लोक ते बघून एकदम गप्प झाले. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून वर आला, मास्तरांच्या पाठीवर हात फिरवायला लागला आणि म्हणाला, असू द्या मास्तर, चूक हुती कवा कवा माणसाच्या हातनं, पुढच्या साली चांगलं करू.